तीन वह्या आणि एक टिंब

यंत्रांशी माझे सूत कधीच जमले नाही. मिक्सरचे झाकण लावताना मी अजून देवाचे नाव घेते. कॉलेजात मुलांची हजेरी संगणकावर भरायची असा फतवा निघाला, तेव्हा पहिला महिनाभर मी ती एका चुणचुणीत विद्यार्थिनीकडून भरवून घेतली आणि बदल्यात तिला खांडेकरांवरचे टिपण दिले. अशी मी, या मेच्या सुट्टीत सलग सतरा दिवस संगणकासमोर बसून होते, आणि तेही आपखुशीने, असे सांगितले तर माझ्या ओळखीचे कोणी विश्वास ठेवणार नाही. आमच्या घरात तर अजून कोणी ठेवत नाही.

त्याचे असे झाले. माझा भाचा, म्हणजे भावाचा मुलगा, इंजिनिअरिंगचे तिसरे वर्ष संपवून घरी आला होता. शेवटच्या वर्षाला या मुलांना एक प्रकल्प करून दाखवावा लागतो. त्याच्या मित्रांपैकी कोणी हॉटेलाच्या ऑर्डरींचा केला होता, कोणी दवाखान्याच्या नंबरांचा. सगळी माहिती मनाने रचलेली. याचे म्हणणे असे, की रचलेली माहिती फार शहाण्यासारखी वागते. "आत्या, मला खरीखुरी, वापरून मळलेली माहिती पाहिजे. माणसांनी हातानं लिहिलेली. कुठं मिळेल?"

मला आण्णांच्या वह्या आठवल्या.

मंगळवार पेठेतल्या आमच्या घराच्या सोप्यावर १९७४ पासून १९९६ पर्यंत आण्णांचे वाचनालय होते. वाचनालय म्हणजे काय, तर चार कपाटे, एक बाक, एक टेबल आणि भिंतीवर "मोठ्याने बोलू नये" अशी पाटी, जिच्याखाली बसून सगळी पेठ मोठ्याने बोलत असे. आण्णा दिवसभर एका पेढीवर कारकुनी करत आणि संध्याकाळी सहा ते नऊ या टेबलाशी बसत. वर्गणी महिना दोन रुपये, अनामत दहा. ते स्वतः करवीर नगर वाचन मंदिराचे जुने सभासद. १८५० साली स्थापन झालेली ती संस्था म्हणजे कोल्हापूरच्या वाचणाऱ्या माणसाचे माहेर. आण्णा तिथे पुस्तक बदलायला जात ते खरे, पण पुस्तकांपेक्षा टेबलावरच्या नोंदवह्यांकडे अधिक वेळ पाहत उभे राहत, असे आई सांगते. त्या पाहण्यातून त्यांनी आपल्या तीन वह्या आखल्या.

पहिली वही पुस्तकांची. दाखल क्रमांक, नाव, लेखक, किंमत. दुसरी सभासदांची. सभासद क्रमांक, नाव, पत्ता, अनामत. तिसरी देवघेवीची, आणि ती पाहून परका माणूस बुचकळ्यात पडत असे, कारण तिच्यात एकही नाव नव्हते. तारीख, सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, परत आल्याची तारीख, संपले. नुसत्या आकड्यांची ती वही लहानपणी मला पाढ्यांच्या पुस्तकासारखी कंटाळवाणी वाटे. "आण्णा, इथं नाव का लिहीत नाही?" असे मी एकदा विचारलेले आठवते. ते म्हणाले, "नाव एकदाच लिहायचं. दहा ठिकाणी लिहिलं की दहा ठिकाणी चुकतं."

हे त्यांचे म्हणणे मला एका लग्नामुळे पटले. सभासद क्रमांक ११२ या शिवाजी पेठेतल्या एक ताई होत्या. त्यांचे लग्न गावातच झाले आणि नाव, आडनाव, पत्ता सगळेच बदलले. आण्णांनी सभासदांच्या वहीत एका ओळीवर रेघ मारून वर नवे नाव लिहिले. झाले. देवघेवीच्या वहीत त्या ११२ होत्या, ११२ च राहिल्या. त्यांनी माहेरी असताना नेलेली पुस्तके आणि सासरी नेलेली पुस्तके एकाच बाईची राहिली. कॉलेजात लग्न झालेल्या मुलींच्या गुणपत्रिका आणि दाखले यांचा मेळ घालताना मी जे हाल पाहते, त्यावरून आण्णांच्या त्या एका रेघेची किंमत मला आता कळते.

भाच्याने त्या वह्या उलगडल्या आणि तो दोन मिनिटे गप्प बसला. मग म्हणाला, "आत्या, आजोबांनी टेबलं नॉर्मलाइज केली होती की!" हा शब्द मला त्याने समजावून दिला तो असा. एडगर कॉड नावाचे एक इंग्रज गणिती अमेरिकेत आयबीएम कंपनीच्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत होते. १९७० साली त्यांनी एक निबंध लिहिला, की यंत्रात माहिती साठवायची ती साध्या तक्त्यांत साठवावी. एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी. आणि एका तक्त्यातून दुसऱ्याकडे जायचे ते क्रमांकाचे बोट धरून. पुढे १९८१ साली त्यांना संगणकशास्त्रातला मोठा मान, ट्युरिंग पारितोषिक मिळाले. आज बँका, रेल्वेची तिकिटे, कॉलेजची हजेरी, सगळे या तक्त्यांवर चालते. आण्णांनी कॉडसाहेबांचे नाव ऐकले असण्याची सुतराम शक्यता नाही. पण त्यात तितकेसे नवलही नाही. शेती असलेल्या घरांना ही रीत ठाऊक असतेच. सातबारावर नावाशेजारी फेरफार क्रमांक असतो. तो घेऊन गाव नमुना सहाची वही उघडली की ते नाव तिथे कसे आले, खरेदीने की वारसाने, ते कळते. खाते क्रमांक घेऊन आठ-अ काढला की त्या खात्याची त्या गावातली सगळी जमीन एका जागी दिसते. तलाठ्याच्या दप्तरात क्रमांकाचे बोट धरून हिंडण्याची सवय आपल्या लोकांना कॉडसाहेबांच्या कितीतरी आधीपासून आहे. हिंडता हिंडता चपला झिजवण्याचीही.

मी मध्येच माझे भाषाशास्त्र पाजळले. म्हटले, "म्हणून रिलेशनल. वह्यांचं एकमेकींशी नातं." तर भाचा हसून म्हणाला, "सगळ्यांना तसंच वाटतं. पण गणितात रिलेशन म्हणजे ती वहीच. ओळींचा संच." वर्गात विद्यार्थ्याकडून चूक दुरुस्त करून घ्यायची सवय नसल्याने मी चहा करायला उठले.

पुस्तकांची वही नि सभासदांची वही आम्ही पूर्ण उतरवली. देवघेवीच्या वह्या मात्र नऊ होत्या, त्यांतल्या १९८४ ते १९८६ या काळातल्या दोनच घेतल्या. मी वाचायचे, त्याने टंकायचे. तीन हजार चारशे बारा ओळी झाल्या. आई शेजारी सुपात काहीतरी निवडत बसलेली असे आणि मधूनच एखाद्या सभासद क्रमांकावर भाष्य करी. "सत्त्याऐंशी? पुस्तकात दुधाचा हिशेब ठेवायचे ते." "चाळीस नंबर शेवटचं पान आधी वाचायची." यंत्रात या माहितीला रकाना नव्हता.

लेखकांनी आम्हांला फार छळले. आण्णांनी लेखकाचे नाव पुस्तकांच्या वहीत प्रत्येक पुस्तकापुढे लिहिले होते. एवढी एक गोष्ट त्यांनी एकदाच लिहिली नव्हती, आणि त्यांच्याच नियमाप्रमाणे ती चुकली होती. वि. स. खांडेकर, खांडेकर वि. स., भाऊसाहेब खांडेकर, आणि एका ठिकाणी घाईत नुसते "भाऊसाहेब". यंत्राच्या लेखी हे चार वेगळे गृहस्थ. भाच्याने लेखकांची चौथी वही काढली आणि कोण कोणाचा कोण हे ठरवण्याचे काम माझ्यावर सोपवले. इथे मात्र एम. ए.चे शिक्षण कामी आले. विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर या दोघी नव्हेत, एकच बाई, हे त्या पोराला कुठून माहीत असणार? आणि माहेरच्या त्या बाळूताई खरे. "कळ्यांचे निःश्वास" १९३३ साली टोपणनावाने आले, तेव्हा हे लिहिणारी कोण म्हणून महाराष्ट्रभर केवढा गहजब झाला होता, ते मी त्याला सांगितले. तो म्हणाला, "तीन नावं, पण आयडी एकच." मालतीबाईंच्या आयुष्याचे इतके थोडक्यात वर्णन मी कुठल्या प्रबंधात वाचलेले नाही.

आणखी एक भानगड निघाली. काही ओळींत सभासद क्रमांकाच्या जागी आकडाच नव्हता. आण्णांच्या वळणदार अक्षरात नुसते "आत" असे लिहिलेले. यंत्राने ते घेतले नाही. सभासदाच्या रकान्यात सभासदांच्या वहीत असलेलाच क्रमांक चालतो, दुसरे काही चालत नाही. इंग्रजीत त्याला फॉरिन की म्हणतात. परक्या वहीची किल्ली. किल्ली लागत नसेल तर ओळ आत घेत नाहीत. मी म्हटले, "आत म्हणजे कपाटात असणार. सोडून दे." अशा एकसष्ट ओळी आम्ही एका कागदावर वेगळ्या काढून ठेवल्या आणि पुढे गेलो.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येते.

तक्त्यांना प्रश्न विचारायची एक खास भाषा आहे, एसक्यूएल. आयबीएममधल्याच चेंबरलिन आणि बॉइस या दोघांनी ती १९७४ साली मांडली. "शिवाजी पेठेतल्या सभासदांनी कोणकोणत्या लेखकांची पुस्तके नेली" एवढे त्या भाषेत विचारायचे, तर साधारण असे म्हणावे लागते : देवघेवीच्या वहीतली ओळ घ्यावी, तीमधील सभासद क्रमांक सभासदांच्या वहीतील क्रमांकाशी जुळवावा, तीमधील दाखल क्रमांक पुस्तकांच्या वहीतील क्रमांकाशी जुळवावा, सदर पुस्तकाच्या ओळीतील लेखक क्रमांक लेखकांच्या वहीशी जुळवावा, आणि ज्यांच्या पत्त्यात शिवाजी पेठ असेल तेवढ्यांपुरती नावे द्यावीत. खरेदीखत वाचतो आहोत असे वाटते. चतुःसीमा तेवढ्या राहिल्या.

पण भाचा ज्या भाषेत आज्ञावली लिहीत होता तिला हे खरेदीखत मानवत नाही. तिला वस्तू कळतात : एक पुस्तक, एक सभासद. ओळी आणि रकाने कळत नाहीत. म्हणून दोघींच्या मध्ये एक दुभाषी बसवतात. त्याचे नाव ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपर, घरात हाक मारायला ओआरएम. भाच्याने वापरला तो जँगो नावाच्या एका मोठ्या साधनातला. हे साधन जन्मले अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या एका गावच्या वृत्तपत्राच्या कचेरीत, २००३ साली. सगळ्यांसाठी खुले झाले २००५ मध्ये. आणि नाव ठेवले एका गिटारवादकाचे. छापखान्याच्या वासात जन्मलेली गोष्ट म्हटल्यावर मला तिच्याबद्दल थोडी आपुलकी वाटली. मग कळले की यात रकान्यांची नावे देवनागरीतही चालतात, कारण खालची पायथन भाषा ती स्वीकारते. तेव्हा मी हट्टच धरला, की आण्णांच्या वह्यांना इंग्रजी नावे द्यायची नाहीत. भाच्याने कुरकुर केली, पण दिली मराठीच.

आणि पडद्यावर त्याने हे लिहिले : नोंद.पुस्तक.लेखक.नाव

"वाच बघू," तो म्हणाला.

मी वाचले, "नोंदीच्या पुस्तकाच्या लेखकाचे नाव."

वाचून झाल्यावर माझ्या लक्षात आले, की मी जे वाचले ते तिथे लिहिलेलेच नव्हते. तीन टिंबे होती फक्त. त्या टिंबांच्या जागी माझ्या जिभेने आपणहून षष्ठीचे प्रत्यय लावले होते. च्या, च्या, चे. पंचवीस वर्षांच्या मास्तरकीत कोणी मला विभक्तीचा एवढा मोठा धक्का दिला नव्हता!

दरवर्षी वर्गात एखादा मुलगा विचारतो, की बाई, प्रथमा, द्वितीया, तृतीया, सगळ्यांना कारकार्थ आहे, मग षष्ठीला का नाही? मी ठरलेले उत्तर देते. कारक म्हणजे नामाचे क्रियापदाशी असलेले नाते. रामाने मारले, रामाला मारले, इथे राम क्रियेत सापडला आहे. पण "रामाचे घर" यात क्रिया नाही, कोणी काही करत नाही. एक नाम दुसऱ्या नामाला नुसते धरून उभे आहे. म्हणून षष्ठीचा अर्थ फक्त संबंध. मुले लिहून घेतात आणि विसरतात. ज्या विभक्तीला क्रियेच्या दरबारात जागा नाही, तिच्या जोरावर तीन वह्या एकमेकींशी बोलतात हे मला आता माहीत झाले आहे. पुढच्या वर्षी उत्तर जरा लांबेल.

आपली षष्ठी या टिंबाहून पुष्कळ हुशार आहे, हेही लगेच दिसले. ती पुढच्या नामाचे लिंग-वचन पाहून आपले रूप बदलते : लेखकाचे पुस्तक, लेखकाची पुस्तके. एक आहे की अनेक, हे प्रत्ययच सांगून टाकतो. टिंबाला ते कळत नाही. नोंदीवरून पुस्तकाकडे गेलात तर एकच मिळणार; पण लेखकावरून पुस्तकांकडे उलटे जायचे असेल तर तिथे अनेक असतील हे आधी सांगून, त्या वाटेला अनेकवचनी नाव देऊन ठेवावे लागते. भाच्याने तिथे दुभाष्याचे आयते इंग्रजी शेपूट राहू दिले होते. मी ते काढायला लावून "लेखक.पुस्तके" असे करून घेतले. आणि दिवाळी अंकांपाशी तर एका टिंबाने भागेचना. एका अंकात अनेक लेखक, एक लेखक अनेक अंकांत. दोन्हीकडून अनेकवचन. १९०९ साली का. र. मित्रांनी "मनोरंजन"चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून चालत आलेला हा गुंता. अशा वेळी, भाचा म्हणाला, मध्ये एक तिसरा तक्ता घालावा लागतो, ज्यात प्रत्येक ओळीत एक अंक आणि एक लेखक एवढेच असते. मी म्हटले, "म्हणजे अनुक्रमणिका." तो म्हणाला, "हां, अनुक्रमणिकाच." वाचकहो, या अंकाचे ते पान आता जरा आदराने उलटा.

हे सगळे इतके गोड चालले होते, की एके दिवशी त्याने सगळी देवघेव एका पानावर दाखवायला सांगितली आणि यंत्र घोड्यासारखे अडून बसले. चहा झाला, कप विसळून झाले, पान येईना. भाच्याने एक जोडसाधन बसवले होते, ते बाजूला आकडा दाखवते : या पानासाठी वह्यांना किती प्रश्न विचारले. आकडा होता सहा हजार आठशे पंचवीस. भाचा लाल झाला. चूक त्याचीच होती. दुभाषी होता आळशी, म्हणजे मागितल्याशिवाय काही आणत नाही असा. पहिल्या प्रश्नाला त्याने तीन हजार चारशे बारा ओळी आणल्या. मग प्रत्येक ओळीशी "पुस्तकाचे नाव" म्हटले की तो पुस्तकांच्या वहीकडे धावला, "सभासदाचे नाव" म्हटले की सभासदांच्या वहीकडे धावला. ओळीला दोन खेपा. वर पहिली एक.

मला हसू आवरेना. लहानपणी आई मला महाद्वार रोडवर दुकानात पिटाळायची. हिंग आणला, की "अगं, जिरे संपलेत." जिरे आणले, की "काडेपेटी राहिली बघ." तिसऱ्या खेपेला आण्णा वहीतून मान न उचलता म्हणत, "यादी करून दे तिला." भाच्याने यादीच करून दिली. आज्ञेत "सिलेक्ट रिलेटेड" असे दोन शब्द घातले, म्हणजे जाशीलच तर संबंधितांनाही बरोबर घेऊन ये, आणि आकडा सहा हजार आठशे पंचवीसवरून एकवर आला. पान डोळ्यांची पापणी लवायच्या आत उमटले. या रोगाला त्यांच्यात "एन प्लस वन" म्हणतात आणि तो चांगल्या चांगल्यांना होतो म्हणे. टिंब दिसायला इतके हलके, की त्याच्या मागे कोण किती धावते आहे ते लिहिणाऱ्याला कळतच नाही. "आईचा चहा", "आईच्या पोळ्या" म्हणताना तरी आपल्याला कुठे कळते? षष्ठी लावली की झाले.

पुढचे दोन दिवस आम्ही वह्यांना नुसते प्रश्न विचारत होतो. आमच्या पेठेत सर्वांत जास्त कोण वाचले गेले? बाबूराव अर्नाळकर, दुसरा कोणी जवळपासही नाही. खांडेकर घरटी असतील, पण भाड्याने न्यायला गुन्हेगारच बरे. "मृत्युंजय" सगळ्यांत सावकाश परत येई. "स्वामी" सर्वांत जास्त बायकांनी नेली. रणजित देसाई नि शिवाजी सावंत दोघेही आमच्याच जिल्ह्यातले, कोवाडचे नि आजऱ्याचे; आण्णा त्यांची पुस्तके पुढच्या फळीवर ठेवत, त्याचाही परिणाम असेल. ११२ नंबरच्या ताईंचे लग्न कधी झाले हे देवघेवीवरून ओळखू येते का, हेही मी पाहिले. येते. चार महिने एकही पुस्तक नाही.

मग मला सुचले ते मी बोलून गेले. "आईनं काय काय वाचलं, विचार ना."

आई तिथेच होती. दिवसा आण्णा पेढीवर असताना सोप्यावर आईच बसे. सभासद आला की पुस्तक काढून देई, परत आलेले फळीवर लावी. रात्री सगळे निजले की ती स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली वाचत बसलेली मी कितीतरी वेळा पाहिली आहे. सातवी पास झालेली ही बाई मला एम. ए.ला असताना "रणांगण"मधल्या हॅर्टाबद्दल असे काही बोलली होती, की ते मी पेपरात लिहिले. तिने त्या चार कपाटांतले काय वाचले नसेल?

भाच्याने सभासदांच्या वहीत आजीचे नाव मागितले. यंत्राने तांबड्या अक्षरांत उत्तर दिले. इंग्रजीतच होते, पण त्याचे मराठी सरळ होते : असा सभासद अस्तित्वात नाही.

आम्ही दोघेही चपापलो. त्याने घाईघाईने खिडकी मिटली. "आजी, तसं नाही, म्हणजे वहीत..."

"खोटं काय आहे त्यात?" आई म्हणाली. सुपातले गहू तिने एकदा पाखडले. "वर्गणी भरल्याशिवाय सभासद नाही, हा तुझ्या आजोबांचा कायदा. आणि माझ्याकडून वर्गणी घ्यायची कशी? घरखर्चातले दोन रुपये काढून टेबलाच्या खणात ठेवायचे, नि पुन्हा खणातले घरखर्चाला काढायचे?"

"मग तू नेलेली पुस्तकं?"

"ती काय नोंदीशिवाय सुटतात होय? पुस्तक जागेवर दिसलं नाही की त्यांना झोप यायची नाही. आत न्यायचे ना मी, स्वयंपाकघरात. तसंच लिहायचे."

भाच्याने माझ्याकडे पाहिले आणि मी त्याच्याकडे. तो कागद कुठे ठेवला होता ते आम्हां दोघांनाही आठवेना. शेवटी शब्दकोशात सापडला. एकसष्ट ओळी. एकसष्टांपुढे एकच शब्द, आणि मी व्याकरण शिकवणारी बाई तो कपाटाला लावून मोकळी झाले होते. आत. क्रियाविशेषण अव्यय, स्थलवाचक. लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. आण्णा वाईट नव्हते. फार व्यवस्थित होते. पण अडीचशे माणसांना त्यांनी क्रमांक दिला आणि ही एक जागा राहिली.

मी म्हटले, "आत्ताच्या आत्ता आईला सभासद कर."

क्रमांकावरून थोडा वाद झाला. भाच्याला तो शून्य द्यायचा होता, कारण आजी पहिल्या सभासदाच्याही आधीची. मी एक म्हणत होते. आई म्हणाली, "कुणाचा काढून मला देऊ नका. रांगेनं शेवटचा येईल तो द्या." आला दोनशे एकावन्न. भाच्याने नाव, पत्ता भरला. अनामतीच्या रकान्यापाशी थांबला तर आईने कनवटीची दहाची नोट काढून संगणकाशेजारी ठेवली आणि वर म्हणाली, "पावती दे."

मग मी वाचत गेले, तो टंकत गेला. या वेळी यंत्राने एकाही ओळीला हरकत घेतली नाही. एकसष्टावी संपली तसा त्याने प्रश्न पुन्हा टाकला, आणि पडद्यावर आईचे दोन वर्षांचे वाचन एकाखाली एक उमटले. आईला चष्मा लावूनही पडद्यावरचे नीट दिसत नाही, म्हणून मी मोठ्याने वाचून दाखवले. काही नावांना ती मान हलवी, काहींना "हे टाकाऊ होतं" म्हणे. एकदा नुसतीच हसली. का ते सांगितले नाही.

"आजी, साठ परत आलीत," भाचा म्हणाला. "एका ओळीत परत आल्याची तारीखच नाही. ऑक्टोबर शहाऐंशी." त्याने टिंब दिले, पुस्तकाचे नाव मागितले. "स्मृतिचित्रे. लक्ष्मीबाई टिळक. हे कुठं गेलं?"

आईने सूप बाजूला ठेवले, पदराला हात पुसले आणि उठून आत गेली. ट्रंकेची कडी वाजलेली ऐकू आली. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात जुन्या कॅलेंडरच्या कागदाचे वेष्टन घातलेले पुस्तक होते, आणि वेष्टनावर आण्णांच्या हातचा दाखल क्रमांक. भाच्याने आजची तारीख टंकून ठेवली आणि पुस्तकासाठी हात पुढे केला.

ती खिडकीपाशी उजेडात जाऊन बसली होती. "पुस ती तारीख," ती पान शोधत म्हणाली. "थोडं राहिलंय माझं."